सतरा नंबरचा कोळी

कोळी मरायला लागला की सगळे पाय पोटाखाली ओढून घेतो. उताणा पडलेला दिसला तर तो मेलेला न्हाई, कात टाकून राह्यलाय. एवढं ध्यानात ठेवलं तर माझ्या नोकरीचं अर्धं शिक्षण तुम्हाला मिळालं म्हणून समजा. उरलेलं अर्धं असं, की उताण्या पडलेल्याला हात लावायचा न्हाई आणि त्याच्याजवळ जिवंत किडा ठेवायचा न्हाई. हे दुसरं अर्धं मला माझ्या बायकोनं शिकवलं आणि मी ते ऐकलं न्हाई.

दिवाळी अंकवाले गुरुजी घरी आल्ते. म्हणाले, दगडूबा, तुम्ही कॉलेजात कोळी पाळायचात म्हणे, त्यातल्या गमती लिहा, दिवाळीत लोकांना असलं आवडतं. गमती हायेत, त्या सांगतो. पण बायकोला, कौसाला, जाऊन आता सात महिने झाले, आणि गमती सांगायला बसलो की मधी तीच येऊन उभी राहते. १९७५ च्या उन्हाळ्यात आमच्याकडं एक कोळी मेला. तो कौसाच्या हातून मेला असं कॉलेजात सगळ्यांनी धरलं, आणि त्यापायी तिची हातातोंडाशी आलेली नोकरी गेली. ते खोटं हाय. कसं खोटं हाय तेवढं सांगायला मी कागद घेतला. मी चौथी शिकलेला माणूस. शुद्धलेखन गुरुजींनी बघावं, मजकुराला हात लावू नये.

मी जालन्यात एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमधी शिपाई होतो. एकाहत्तर साली लागलो, हंगामी. हंगामी म्हणजे दर साली जूनमधी घेतील का न्हाई याचा घोर. बेडूक धरून आणायचे, गांडुळं आणायची, बरण्या धुवायच्या, पोरी चक्कर येऊन पडल्या की पाणी मारायचं. आमच्या विभागाचे मुख्य बोरीकर सर. सडाफटिंग माणूस, खादीचा शर्ट, चपलेचा अंगठा कायम तुटलेला. मला तू म्हणायचे पण कधी हाडहूड करून हाकललं न्हाई. जात काढली न्हाई. त्या काळात ते मोठंच होतं.

चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्याच्या शेवटी अंतरवाली सराटीकडच्या एका शेतात चारी खणताना बिळात एक केसाळ कोळी निघाला. तळहाताएवढा, काळा-भुरका, अंगावर केस. शेतकऱ्यानं मारायचं सोडून डब्यात घातला आणि त्याचा पुतण्या आमच्या कॉलेजात होता म्हणून सरांकडं आला. सरांनी डबा उघडला आणि खाली बसले. मादी होती, आणि पायात तिनं एक पांढरी पिशवी धरलेली, लिंबाएवढी. अंड्यांची. डब्यात आदळआपट झाली तरी तिनं ती सोडली नव्हती.

सर मला म्हणाले, "दगडू, हे आता आपल्याला सांभाळायचंय."

मी म्हणालो, "सांभाळू की. चावतंय का पण?"

"चावलं तर कसं वाटतं ते मला सांग, मी लिहून घेतो," असं म्हणाले. ते चेष्टेत म्हणाले का खरं, मला अजून कळलं न्हाई.

पंधरा-वीस दिवसांनी पिशवी फुटली. शंभराच्या वर पिल्लं. साबुदाण्याएवढी, पांढरी, सुरुवातीला काही खात न्हाईत, एकमेकांवर चढून बसतात. एक-दोनदा कात टाकली की मंग त्यांना भूक लागते, आणि भूक लागली की एकमेकांनाच खातात. म्हणून वेगवेगळी करायला लागतात. सरांनी दवाखान्यातनं इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या आणल्या. तळाला ओली माती, वर कापसाचा बोळा, आणि एका बाटलीत एक पिल्लू. काही मेली. साठ बाटल्या राहिल्या, पिल्लं वाढली तशा पुढं मोठ्या बाटल्या घेतल्या. प्रत्येकीला नंबर.

आता हे कात टाकणं काय असतं ते सांगतो. सापाचं सगळ्यांना माहीत हाय. कोळ्याचं तसंच, पण सापाहून अवघड. त्याच्या अंगावरचं कातडं म्हणजे चिलखत, ते वाढत न्हाई. आतलं अंग वाढलं की चिलखत फोडून बाहेर यावं लागतं. पिल्लू असतं तेव्हा महिन्या-सव्वा महिन्याला टाकतं. मंग दोन-तीन महिन्यांनी. पुढं मोठं झालं की सालातनं एकदा. टाकायच्या आधी आठ-पंधरा दिवस खाणं बंद. पोट काळं पडतं, चकाकतं. मंग जाळ्याची चटई विणतं, तिच्यावर उताणं पडतं, आणि आठी पाय जुन्या पायांतनं उपसून काढतं. हातमोजा काढल्यावाणी. जुनी कात शेजारी पडती, ती हुबेहूब दुसरा कोळी. नवा कोळी पांढरा, मऊ, दातसुद्धा मऊ. मुंगीनं धरला तरी त्याला काही करता येत न्हाई. चार-सहा दिवस त्याला कोणी छेडू नये.

सरांना बघायचं होतं की कशानं ही कात लवकर पडती. म्हणून तीन ओळी केल्या. पहिल्या ओळीला दिवसाआड किडा. दुसरीला आठवड्याला एक. तिसरीलाबी आठवड्याला एक, पण बाटल्या मोरीखाली गारव्यात. खाणारी आणि उबेतली भराभर वाढली. गारव्यातली मागं राहिली. एकाच आईची, एकाच दिवसाची पिल्लं, होळीपर्यंत पहिल्या ओळीतली रुपयाएवढी आणि तिसऱ्या ओळीतली हरभऱ्याएवढी. सर म्हणायचे, वाढ नुसती रक्तात नसते दगडू, पोटात आणि हवेत असते. माझ्या ध्यानात आलं ते वेगळं. ज्या बाटलीतली माती कोरडी पडायची त्यातलं पिल्लू कात टाकताना अडकायचं. एक पाय निघायचा, दुसरा न्हाई. तसंच मरायचं.

किडे आणायचं काम माझं. गुरांच्या दवाखान्यामागं कडब्याची गंजी होती, तिच्या खाली रातकिडे लई. गंजीवाला म्हातारा मला बघितलं की म्हणायचा, आलास का बाबा, लेकरं उपाशी हायेत वाटतं. मी म्हणायचो, साठ लेकरं हायेत काका, तुमच्या गंजीवरच जगून राह्यलीत. तो हसायचा आणि मंग स्वतःच काठीनं कडबा उचलून धरायचा.

लोकांत बातमी फुटली की कॉलेजात विषारी कोळी पाळलेत. मंग नाना माणसं यायला लागली. घनसावंगीकडचा एक जण आला, चांगला पटकेवाला. मला बाजूला घेऊन म्हणाला, एक मोठा द्या, भाऊबंदाच्या गादीखाली ठेवायचाय. मी सांगितलं, पाव्हणं, चावला तर दोन दिवस हात सुजतो, माणूस मरत न्हाई. त्याचं तोंडच उतरलं. "मंग काय उपयोग," म्हणाला, बाहेर टपरीवर चहा प्याला, मलाबी पाजला आणि गेला.

एक बाई कात मागायला घरी आली. तिच्या नातवाला ताप होता, कोणीतरी सांगितलं कोळ्याची कात ताइतात घातली की उतरतो. आमच्या घरात गंडे-ताईत छप्पन सालीच सुटले, माझ्या बापानं स्वतः नदीत टाकले. मी तिला सरळ हाकलणार होतो. कौसानं मला आत पाठवलं, बाईला बसवलं, पाणी दिलं, आणि तिच्यासंगं सरकारी दवाखान्यात गेली. पोराचा हिवताप होता. बाई पुढं दोन-तीनदा शेंगा घेऊन आली. कौसा अशी होती. मी बोलायचो, ती काम करायची.

कौसा मंठ्याकडची. सातवी शिकलेली. तिच्या बापाला पोरीला मास्तरीण करायचं होतं, पण तो लवकर गेला आणि भावांनी लग्न उरकून टाकलं, ते माझ्यासारख्या चौथीवाल्याशी. घरात पत्र आलं की ती वाचायची. मी म्हणायचो माझे डोळे दुखतात. डोळे काही दुखत नव्हते.

एप्रिलमधी लॅबच्या पत्र्याखाली असं तापायला लागलं की दोन दिवसात चार पिल्लं गेली. ऊब कोळ्याला मानवती, पण जालन्याचं ऊन ऊब नसतं, भट्टी असती. कॉलेजला सुट्टी लागणार होती, सरांना महिनाभर औरंगाबादला काम होतं. सर माझ्या घरी आले. जुन्या जालन्यात आमचं माळवदाचं घर, दोन खणांचं, मातीच्या जाड भिंती. आत गार. सर उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, दगडू, हे इथं ठेवता येतील का. मी काही बोलायच्या आधी कौसा म्हणाली, "ठेवा की सर. रांजणाच्या मागं जागा हाय."

ती जागा तिनं बराबर निवडली. रांजण पाझरायचा, मागची भुई कायम ओलसर. तिथं तिनं वाळू पसरली, वाळूत बाटल्या रोवल्या, वरनं ओलं पोतं. दुपारी चारदा पोत्यावर पाणी शिंपायची. एकबी पिल्लू उन्हानं गेलं न्हाई. शेजारणी म्हणायच्या, कौसे, घरात विष पाळतीस, वेड लागलं का. ती म्हणायची, तुमच्या सासवांपेक्षा गरीब हायेत.

नोंदी माझ्या नावानं होत्या, पण लिहायची ती. सरांचं रजिस्टर मांडीवर घेऊन बाटलीचा नंबर, खाल्लं का न्हाई, कात कधी टाकली, सगळं. सुबक अक्षर. आणि तिला आधीच कळायचं. कोणतं पिल्लू कात टाकणार हे ती आठ दिवस आधी सांगायची. मी विचारलं कसं काय गं. म्हणाली, त्याला अन्न नको वाटतं, आडोशाला तोंड करून बसतं, बाळंत व्हायला आलेल्या बाईवाणी. मंग तिनं एक रीत लावली. जे पिल्लू खाणं सोडंल त्याच्या बाटलीच्या गळ्याला शिवायचा लाल दोरा बांधायचा. लाल दोरा म्हणजे किडा टाकायचा न्हाई, हलवायचं न्हाई. कात पडून दात काळे झाले की दोरा सोडायचा.

सतरा नंबर पहिल्या ओळीतला. त्याचा एक पाय माझ्यामुळं गेल्ता. जानेवारीत कापसाचा बोळा काढताना मी घाई केली, पाय कापसात अडकला आणि तुटला. सरांना मी तेव्हा सांगितलं, बोलणी खाल्ली. पण पुढच्या कातीला, कौसानं न्हाई, मीच बघितलं, तुटल्या जागी दोऱ्याएवढा बारीक नवा पाय फुटला होता. सर लहान लेकरावाणी नाचले. त्याच्या पुढच्या कातीला तो पाय निम्मा झाला. घरी आल्यावर कौसानं रोज भिंग लावून तो पाय बघितला, किती, कसा, रजिस्टरमधी चित्र काढलं. सर मधी एकदा आले, ते चित्र बघत बसले. म्हणाले, आता पुढच्या कातीला हा पाय पुरा होतो का बघायचं. झाला तर हे छापायचं. आणि मंग तिच्याकडं वळून म्हणाले, "कौसाबाई, जूनपासून लॅबमध्ये रोजंदारीची एक जागा आहे. वर्गात मुली वाढल्यात, बाईमाणूस हवंच आहे. मी प्राचार्यांशी बोललोय. तुम्ही याल का?"

कौसानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. ती म्हणाली, येते सर.

त्या दिवसापासून ती वेगळीच चालायला लागली. ट्रंकेतलं एक निळं लुगडं काढून धुतलं, वाळवलं, घडी करून ठेवलं, जूनसाठी. एकदा मला म्हणाली, "मला घड्याळ बघता येतं हो, पण हातात कधी बांधलं न्हाई." मी म्हणालो, घेऊ.

आणि खरं सांगतो, मला तेव्हापासून एक गोष्ट डाचत होती. सर आले की आधी तिला विचारायचे. कौसाबाई, बाराचं काय, कौसाबाई, चाळीसनं खाल्लं का. मी चहा आणायला जायचो. चार वर्षं मी रातकिडे धरले, बेडूक धरले, साप धरला, आणि आता माझ्या घरात माझ्या बायकोला विचारायचं. मी तोंडानं काही म्हणालो न्हाई. म्हणालो असतो तर बरं झालं असतं.

मे महिन्याच्या शेवटी तिच्या धाकट्या भावाच्या पोरीचं बारसं होतं, मंठ्याला. दोन दिवसांसाठी ती गेली. जाताना सहा बाटल्यांना लाल दोरे होते, त्यात सतरा नंबर. एसटी स्टँडवर सोडायला गेलो तर पिशवी मांडीवर घेऊन तिसऱ्यांदा तेच सांगितलं. "अहो, दोऱ्याच्यांना काही टाकू नका. सतराला तर बिलकुल न्हाई. आज-उद्या पडंल तो." मी म्हणालो, मला शिकवू नको, बस हलली बघ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाटल्यांना किडे टाकायला बसलो. सतरा नंबर काढून बघितला. कोपऱ्यात बसलेला, बारीक झाल्यासारखा. पंधरा दिवस उपाशी. परवा सर येणार होते. मला वाटलं, सर म्हणतील, जनावर उपाशी मारलं. मला वाटलं, हिला काय कळतं, सातवी शिकली म्हणून. आमच्या घरी लहानपणी उपास कुणाला माहीत नसायचा असं न्हाई, रोजच असायचा, म्हणून मला उपाशी जनावर बघवत न्हाई असंबी मी स्वतःला सांगितलं. तेबी थोडं खरं होतं. पण जास्त खरं हे की तो दोरा तिनं बांधला होता.

मी दोरा सोडला. चांगला मोठा रातकिडा निवडला, आत टाकला, बोळा लावला, बाटली वाळूत ठेवली. मंग बाजारात गेलो.

दुपारी आलो. पोतं उचललं. सतरा नंबर उताणा पडलेला. कात निम्मी निघालेली, पाच पाय बाहेर, तीन आतच. पांढरा, दुधावाणी. आणि रातकिडा त्याच्या पोटाला लागलेला, खाऊन राह्यला. कोळ्याला हलता येत नव्हतं. एक पाय तेवढा वर-खाली होत होता. मी चिमट्यानं किडा ओढून काढला, चिरडला. पण पोट फुटलं होतं, पाणी आलं होतं. दिवस कलेपर्यंत तो पाय हलत होता, मंग थांबला. बाहेर निघालेल्या पायांत तो नवा पायसुद्धा होता. बाकीच्यांएवढा. पुरा.

मी रडलो न्हाई. मी विचार करत बसलो. माझा कायम व्हायचा कागद सरांकडंच होता, त्यांची शिफारस जायची होती. मी विचार केला, पाय तोडला तेव्हा एकदा बोलणी खाल्लीत, आता दुसऱ्यांदा.

सर ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच आले, दुसऱ्या दिवशी सकाळी. मी त्यांना बाटली दाखवली. ते बराच वेळ भिंगातनं बघत राहिले. मंग एवढंच विचारलं, "किडा कुणी टाकला?"

मी म्हणालो, "बायकोनं. जायच्या गडबडीत टाकून गेली."

तोंडातनं किती सहज निघालं ते. पाणी सांडावं तसं.

आता तेवढ्यावर थांबलं असतं. पण सर अजून नोंदी चाळतच होते तोवर कौसा आली. बारशाची घुगरी घेऊन सकाळच्या एसटीनं आलेली, पदर धुळीनं भरलेला. सरांना बघून हसली. सर उभे राहिले. रागावले न्हाईत, ते रागवायचे न्हाईत कधी. म्हणाले, कौसाबाई, सतरा गेला. तुम्ही जाताना किडा टाकला असं दगडू म्हणतो. असं कसं झालं हो?

ती खाली बसली. बाटली उचलली, उजेडाला धरली. आतल्या कोळ्याकडं बघितलं. गळ्याकडं बघितलं, दोरा नव्हता. मंग माझ्याकडं बघितलं. किती वेळ बघितलं ते मला सांगता येणार न्हाई. मी भिंतीकडं बघत होतो.

"हो सर," ती म्हणाली. "माझ्याच हातनं झालं. गडबडीत होते."

सरांनी रजिस्टर मिटलं. म्हणाले, काम तुम्ही फार चांगलं केलंत बाई, पण हे जिवंत जनावराचं काम आहे, आता माझं मन धजत नाही. जूनची जागा मी दुसऱ्या कुणाला देतो. कौसा म्हणाली, बराबर हाय सर. उठून त्यांना चहा केला. चहाबरोबर घुगरी दिली.

सर गेल्यावर मला वाटलं आता ती भांडंल. मी भांडायच्या तयारीत बसलो होतो. तिनं पदर खोचला. रांजण भरला. पोत्यावर पाणी शिंपलं. बाकीच्या पाच बाटल्यांचे दोरे हातानं चाचपून बघितले, घट्ट हायेत का. जून उजाडला तशा बाटल्या परत कॉलेजात गेल्या. त्यानंतर तिनं कोळ्याचं नाव काढलं न्हाई. मी कधी सांगितलं, आज अमक्या नंबरनं कात टाकली, तर हं म्हणायची. निळं लुगडं दिवाळीला बहिणीला देऊन टाकलं.

थंडीला ती जिनिंगमधी कामाला लागली, कापूस निवडायला. तिथं हवेत सगळा कापूस उडतो. नाका-तोंडाला फडकं बांधलं तरी आत जातो. दरसाली थंडीभर खोकायची. वीस-बावीस वर्षं ती तिथं गेली. शेवटची पाच वर्षं तिला दम लागायचा, चार पावलं टाकली की भिंत धरायची. डॉक्टर म्हणाला वयाचं हाय. मला माहीत हाय कशाचं हाय.

सरांना खरं सांगावं म्हणून मी एकदा त्यांच्या घरी गेल्तो. रिटायर झाल्यावर. त्यांनी बसवलं, विचारपूस केली, जुन्या मादीची गोष्ट काढली. ती मादी पुढं लई वर्षं जगली, माद्या जगतात, नर लवकर जातात. सर म्हणाले, दगडू, तुझ्यासारखा माणूस मला दुसरा मिळाला नाही. मंग मी चहा पिऊन उठलो. सरांना जाऊनबी आता बरीच वर्षं झाली. कौसाला सांगायला तर काही नव्हतंच, तिला माहीत होतं. तिच्यासमोर मला फक्त म्हणायचं होतं. पन्नास वर्षं एका घरात राहून म्हणायला सवड मिळाली न्हाई, असं कोणी सांगितलं तर मी त्याला शिव्या देईन.

लोक म्हणतात दगडूबाची बायको सोशिक होती. मला हा शब्द आवडत न्हाई. तिला हिशेब बराबर कळत होता. एका घरात एकच नोकरी वाचणार होती, आणि कोणाची वाचवायची ते तिनं बाटली हातात असतानाच ठरवलं. मी तिला विचारलंसुद्धा न्हाई, तिनं ठरवून टाकलं.

शहात्तर साली मार्चमधी माझा कायम झाल्याचा कागद आला. दुपारी ऑफिसात मिळाला, मी सही करून घेतला आणि घडी न मोडता घरी आणला. सरकारी मराठी, लांब लांब वाक्यं, मला निम्मं कळंना. संध्याकाळी कौसा जिनिंगमधनं आली. केसांत, भुवयांत कापूस. मी म्हणालो, वाच गं, माझे डोळे दुखतात. तिनं हात धुतले, पदराला पुसले, दारात उजेडाला बसली आणि पहिल्यापासून वाचायला लागली. नाव, हुद्दा, तारीख. मंग एक ओळ आली, की सदर कर्मचाऱ्याच्या आजवरच्या सेवेत निष्काळजीपणाची एकही नोंद नाही, सबब त्यास कायम करण्यात येत आहे.

ती ओळ तिनं जशी होती तशी वाचली. थांबली न्हाई, घाई केली न्हाई, आवाज बदलला न्हाई. खालची सहीसुद्धा वाचली. मंग कागदाची घडी घालून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बराबर हाय न्हवं सगळं?"

मी म्हणालो, "बराबर हाय."

बराबर नव्हतं. दोरा मी सोडला, किडा मी टाकला. कौसाच्या हातनं एकबी कोळी मेला न्हाई.